कर्जरोखा, कालवा आणि कादंबरी

देशावर आर्थिक अरिष्ट कोसळते तेव्हा त्याची बातमी राजधानीत तयार होते. त्याचा हिशेब मात्र तालुक्याच्या गावात चुकता करावा लागतो. निर्यातबंदीचा आदेश दिल्लीत निघतो आणि त्याची झळ आठवडे बाजारातल्या भांड्यांच्या दुकानदाराला लागते. कारण ज्याच्या हाती पैसा आला नाही तो शेतकरी लेकीच्या लग्नाची भांडी उधारीवर नेतो. तो आदेश आणि ही उधारी यांच्यामधला प्रवास दाखवणे हे कादंबरीचे काम आहे. मराठी कादंबरीने ते कितपत केले, याचा विचार पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या निमित्ताने येथे करावयाचा आहे.

हेच दोन तालुके का, याचे उत्तर इतिहासात आहे. सुपे हे आज बारामती तालुक्यात मोडणारे जुने बाजारगाव. १२ मे १८७५ रोजी तेथील बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर हल्ला केला. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे, हुकूमनामे, हिशेबाच्या वह्या रस्त्यावर आणून त्यांची होळी करण्यात आली. या घटनेचे मूळ शोधू लागलो तर आपण थेट अमेरिकेत जाऊन पोचतो. तेथे १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालले, कापसाचे भाव चढले, मुंबई इलाख्यात पैसा खेळू लागला आणि दख्खनमध्ये कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, सारा मात्र वाढला होता. आणि सावकारांनी वसुलीसाठी कोर्टाची पायरी गाठली. समुद्रापलीकडच्या युद्धाचा शेवटचा हप्ता असा सुप्याच्या बाजारात वसूल झाला. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला.

याच काळात आयर्लंडमध्ये काय चालले होते, हे पाहणे उद्बोधक आहे. ऑक्टोबर १८७९ मध्ये मेयो परगण्यातील कॅसलबार या लहान गावी आयरिश राष्ट्रीय भूमिसंघाची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर गावाने असा बहिष्कार टाकला, की त्याचे आडनावच इंग्रजी भाषेत क्रियापद होऊन बसले. परंतु शिरूर तालुक्यातील करडे गावाने हेच अस्त्र १८७४ मध्ये एका सावकारावर चालवले होते. न्हाव्याने, परटाने, पाणक्याने त्याचे काम सोडले होते. मग असे का व्हावे, की आयर्लंडच्या लहान गावाला जगाच्या साहित्यात पत्ता मिळाला आणि सुपे मात्र इतिहासाच्या पुस्तकातील एका परिच्छेदात राहिले?

एक उत्तर पॅट्रिक कॅव्हना या आयरिश कवीने अप्रत्यक्षपणे देऊन ठेवले आहे. १९०४ मध्ये मोनाहन परगण्यात एका कॅथलिक शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या या कवीने दोन वृत्तींत फरक केला. एक प्रांतिक वृत्ती. ती स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता राजधानीकडे पाहते आणि तेथे काय मान्य होईल ते लिहिते. दुसरी धर्मग्रामाची वृत्ती. तिला आपल्या धर्मग्रामात घडणारे महत्त्वाचे आहे की नाही, अशी शंकाच येत नाही. ‘धर्मग्राम’ हा शब्द आपल्या घरांत रोजचा असल्याने कॅव्हनाचे म्हणणे आपल्याला फोड करून सांगावे लागू नये. त्याच्या ‘एपिक’ या कवितेत दोन कुटुंबांचे बांधावरचे भांडण आहे आणि काळ आहे १९३८ चा, म्युनिक कराराचा. युरोप युद्धाच्या तोंडाशी उभा असताना कवी खडकाळ जमिनीच्या एका तुकड्यासाठी चाललेल्या भांडणाला महाकाव्याचा विषय मानतो. बांधावरचे भांडण इंदापूर तालुक्यात काय कमी आहे? कमी आहे तो त्याला विषय मानणारा आत्मविश्वास.

आयर्लंडवरच्या अलीकडच्या अरिष्टाचे उदाहरण घेऊ. घरबांधणीच्या फुगवट्यावर उभी राहिलेली तेथील भरभराट २००८ मध्ये कोसळली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्याकडून सुमारे ८५ अब्ज युरोंचे साहाय्य त्या देशाला स्वीकारावे लागले. डॉनल रायन यांची ‘द स्पिनिंग हार्ट’ ही २०१२ ची कादंबरी या कोसळण्याची आहे. परंतु तिच्यात ना अर्थमंत्री आहे ना नाणेनिधी. आहेत ती एका गावपरिसरातील एकवीस माणसे. प्रत्येक जण एकदाच बोलतो. पोकी बर्क नावाचा बांधकाम ठेकेदार परागंदा झाला आहे. कामगार सरकारी कचेरीत जातात तेव्हा त्यांना कळते, की त्यांच्या विम्याची वर्गणी त्याने भरलेलीच नाही. म्हणजे बेकारभत्त्यावरही हक्क नाही. रायन कामगारांच्या हक्कांची तपासणी करणाऱ्या सरकारी खात्यात नोकरीस होते. न भरलेली वर्गणी ही बाब एका माणसाचे काय करते हे त्यांना नेमके ठाऊक असावे, असे पानोपानी जाणवते.

या कादंबरीचे बळ कशात आहे? बुडवणारा आणि बुडालेला हे दोघेही एकाच गावचे आहेत, यात. ठेकेदाराचा बाप जोसी याच गावात राहतो, बोलतो, लाजतो. मुकादम बॉबी मॅहन भला माणूस आहे. पण भला असूनही तो त्याच यंत्रणेतला दुवा होता. सायबेरियातून आलेला मजूर वास्या याला तर सरकारदरबारी अस्तित्वच नाही. दोषही सांगितले पाहिजेत. खून आणि मुलाचे अपहरण या घटना उत्तरार्धात अशा वरचढ होतात, की पैशाची गोष्ट मागे पडते. आणि पतपुरवठा करून हा फुगा फुगवणाऱ्या बँकांचा आवाज एकवीस आवाजांत नाही. तरीही देशाच्या कर्जाला गावातले चेहरे देण्याचे मूळ काम या लहानशा पुस्तकाने चोख केले आहे.

आता आपल्याकडे वळू. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) दुष्काळाने उठून गेलेल्या वस्तीची कथा आहे. तेथे संकट आभाळातून येते, बाजारातून नव्हे. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) या दृष्टीने अधिक मोलाची. शिंप्याच्या बायकोच्या तोंडून सांगितलेल्या या कथेत गावातील रागलोभांच्या वावटळीत एक कारागीर घर कसे उडून जाते ते दिसते. पोट भरण्याचे साधन आणि गावातील पत या दोन गोष्टी वेगळ्या नसतात, हे बोराडे यांनी ओळखले. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला (२००२) २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. उच्च शिक्षण घेऊनही नोकरीवाचून राहिलेला एकनाथ आणि त्याचे शेतकरी घर यांची ती कहाणी नव्या अर्थव्यवस्थेच्या काळातील विदर्भाची अस्सल नोंद आहे. मात्र तिच्यात नाडणारे सर्व बाहेर आहेत आणि नाडले गेलेले सर्व घरात. भालचंद्र नेमाडे यांच्या चांगदेव चतुष्टयात लहान गावे भरपूर आहेत. पण ती महिन्याला पगार घेणाऱ्या आणि एक दिवस बदलून जाणाऱ्या प्राध्यापकाला दिसलेली.

याच परिसराच्या शेजारी, दौंड येथे वैद्यकीय व्यवसाय केलेले जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला आणि विजय तेंडुलकर यांनी लिहिलेला ‘सामना’ हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. साखर कारखान्याचा धनी हिंदुराव आणि पराभूत मास्तर यांचा तो झगडा आजही अस्वस्थ करतो. पण ‘सामना’ने एक सवयही लावली. सहकाराची गोष्ट म्हणजे एका बलदंड माणसाची गोष्ट, ही ती सवय. कारखान्याचे हजारो सभासद त्यात गर्दी होऊन उभे राहतात.

वास्तविक बारामती–इंदापुरात ही गर्दी हीच गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीरा डावा कालवा आला आणि त्याने एका मुलखाचे दोन केले. कालव्याखाली ऊस उभा राहिला. वर, सुपे–मोरगावच्या जिरायती पट्ट्यात, टँकरची वाट पाहणे राहिले. बारामतीकडचा शेतकरी आवर्तनाचे पाणी आधी घेतो; इंदापुरातील टेलच्या शेतकऱ्याच्या पाळीला पाणी पोचेल की नाही, याचा घोर दरवर्षी असतो. दोघे एकमेकांचे व्याही असू शकतात. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात खासगी साखर कारखान्याचे नगर वसवले. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने झाले. येथे ऊस घालणारा हा कारखान्याचा मालकही असतो आणि थकलेल्या बिलासाठी त्याच कारखान्याच्या दारात बसणारा आंदोलकही. घोषणा कोणाविरुद्ध द्यावी, असा पेच पडलेला हा माणूस कोणत्याही कादंबरीकाराला खुणावील असा आहे.

त्यातच दिल्लीहून निघालेला आदेश येऊन पोचतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली आणि जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास काही दिवसांतच मनाई झाली. ज्या खात्यावर गावाचा सारा व्यवहार, तेच खाते गोठल्यासारखे झाले. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि त्याच महिन्यात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावरही निर्बंध आले. पुढे दोन्ही उठले. पण मधल्या महिन्यांत कोणी कोणाकडे हात पसरला, हे कोणत्याही राजपत्रात छापून येत नाही. आणि आपला वास्या? तो बीडकडून येणाऱ्या ऊसतोडीच्या टोळीत आहे. मुकादमाकडून उचल घेऊन नवराबायको मिळून एक ‘कोयता’ होतात आणि हंगामभर फडाशेजारच्या कोपीत राहतात. ज्या शेतकऱ्याला भाव नाही म्हणून आपण हळहळतो, त्याच्याच बांधावर त्याच्याहून अधिक नागवला गेलेला माणूस उभा आहे. कादंबरीने या दोघांना एकाच पानावर आणले, तर आपली हळहळ इतकी सोपी राहणार नाही.

येथे एक आक्षेप येईल. जिथे कर्ज देणारा, घेणारा आणि जामीन राहणारा हे तिघेही तुकोबांच्या पालखीला बेलवाडीच्या रिंगणात शेजारी शेजारी उभे असतात, तिथे कोणी कोणाविषयी लिहावे? आक्षेप खरा आहे, आणि जुनाही. मोरोपंतांनी बारामतीत आयुष्य घालवले ते बाबूजी नाईक या सावकाराच्या आश्रयाने. परंतु आश्रयाच्या, शेजाराच्या या गुंत्यामुळे विषय निषिद्ध ठरत नाही. उलट तोच विषय ठरतो. वसईत १९१८ साली कॅथलिक समाजाने स्वतःची सहकारी बँक उभारली, तेव्हापासून जामीन राहणे म्हणजे काय, हे आपल्याही घरांना ठाऊक आहे. त्या सहीत विश्वास असतो, भीड असते, कधी धास्ती असते. या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात आणू शकणारे गद्य आपल्याला हवे आहे.

ते नसेल तर काय बिघडते? बिघडते हे, की वैतागाची भाषा मग केवळ सभेत आणि मथळ्यांत उरते. दोष दिल्लीचा, मुंबईचा, फार तर एका नेत्याचा. आपण स्वतः भावाला नाकारलेली सही, टोळीच्या हिशेबात कापलेली पट्टी, टेलच्या गावाचे उपसलेले पाणी, यांचा जाब कोणीच विचारत नाही. सुप्याच्या बाजारात कागद जाळले गेले. माणसांच्या मनात लिहिलेले खाते मात्र शिल्लक राहिले. ते वाचण्याचे काम कायदा करू शकत नाही आणि अर्थशास्त्रही करू शकत नाही. बारामतीच्या एखाद्या पतसंस्थेत खतावणी लिहिणारा किंवा इंदापूरच्या बाजारात किराणा तोलणारा कोणी तरुण आपल्या गावाला कमी न लेखता लिहू लागेल, तर त्याला आयर्लंडकडे पाहण्याचीही गरज पडणार नाही.