श्वानस्तनकर्करोगावरील पेशी-उपचार : ‘लस’ व ‘प्रतिसाद’ या दोन संज्ञांची चिकित्सा

शास्त्रीय संज्ञा प्रयोगशाळेबाहेर पडली, की तिचा अर्थ शास्त्रज्ञाच्या स्वाधीन राहत नाही. कुत्र्यांच्या स्तनकर्करोगावर प्रतिकारपेशींच्या साहाय्याने उपचार करण्यासंबंधी जे संशोधन-वाङ्मय निर्माण झाले आहे, त्यात याचा प्रत्यय विशेषत्वाने येतो. या वाङ्मयातील प्रयोगांचे मोल निर्विवाद आहे. आक्षेप घ्यावयाचा तो त्याच्या परिभाषेवर.

बीजकोश न काढलेल्या माद्यांत स्तनातील गाठी वारंवार आढळतात. त्यांपैकी सुमारे निम्म्या घातक असतात, आणि शस्त्रक्रिया हाच आजही त्यांवरील मुख्य उपचार होय. तथापि रोग फुप्फुसापर्यंत पोचल्यावर शस्त्रक्रिया अपुरी पडते. तेव्हा शरीराच्याच प्रतिकारपेशींना कामास लावावे, हा विचार स्वाभाविक ठरतो. त्याचे प्रमुख मार्ग दोन. लिंफोसाइट पेशी शरीराबाहेर वाढवून वा त्यांत बदल घडवून परत द्यावयाच्या, हा एक. आणि डेंड्रायटिक पेशींकरवी लिंफोसाइटांना कर्कपेशींची ओळख पटवून द्यावयाची, हा दुसरा. डेंड्रायटिक पेशींचे वर्णन स्टाइनमन व कोन यांनी १९७३ मध्ये केले. २०११ मध्ये स्टाइनमन यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये कुत्रीच्या स्तनकर्करोगाच्या पेशी व डेंड्रायटिक पेशी यांचा संकर करून तो निरोगी कुत्र्यांना टोचला. कर्कपेशींविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण झाली. अशा निष्पत्तीस ‘प्रतिसाद’ म्हणतात, आणि येथेच पहिला घोटाळा होतो. प्रतिकारशास्त्रज्ञाच्या लेखी प्रतिसाद म्हणजे रक्तातील बदल. चिकित्सकाच्या लेखी प्रतिसाद म्हणजे गाठीचे आकुंचन. पहिल्यावरून दुसरा सिद्ध होत नाही. निरोगी प्राण्यात तर आकुंचन पावावयास गाठच नसते. एकच शब्द दोन्हीकडे योजिल्याने मात्र वाचक नकळत एका अर्थावरून दुसऱ्यावर जातो.

संयमाचे उदाहरणही उपलब्ध आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये लिंफोमा झालेल्या कुत्र्यास बदललेल्या टी-पेशी दिल्या. आपल्या निबंधाच्या शीर्षकात त्यांनी केवळ व्यवहार्यता व सुरक्षितता यांचाच उल्लेख केला. परिणाम माफक व तात्पुरता होता. शीर्षकाने त्याहून अधिक काही सुचविले नाही.

दुसरा शब्द ‘लस’. इंग्रजीतील मूळ शब्द लॅटिनमधील गायवाचक शब्दापासून आला असून देवीच्या प्रतिबंधाशी त्याचा संबंध आहे. मराठी शब्दाची व्युत्पत्ती निराळी. परंतु देवीच्या लसीपासूनच ‘आधी टोचले म्हणजे पुढे रोग होत नाही’ हा भाव त्यास चिकटला. प्रस्तुत उपचार मात्र बहुतांशी रोग झाल्यानंतरचा. ‘कर्करोगाची लस’ हे शब्द ऐकणारा पशुपालक प्रतिबंधाची अपेक्षा धरील, किंवा लस आहे या भरवशावर शस्त्रक्रिया लांबणीवर टाकील, ही भीती अनाठायी नाही. गाठ जितकी लहान असताना काढावी तितका लाभ अधिक. म्हणून या गैरसमजाची किंमत जनावरास मोजावी लागते.

गंमत अशी, की प्रतिबंधाचा खरा प्रश्न या वाङ्मयाबाहेरचा आहे. पहिल्या माजापूर्वी बीजकोश काढल्यास धोका अखंड मादीच्या तुलनेत ०.५ टक्क्यांवर येतो, असे १९६९ च्या एका प्रसिद्ध अभ्यासाने सांगितले. मात्र २०१२ मधील समीक्षेने अशा अभ्यासांचा पुरावा दुबळा ठरविला. म्हणजे जेथे ‘प्रतिबंध’ हा शब्द शोभतो, तेथेही तो जपूनच वापरावा लागतो.

रूढ संज्ञा बदलता येत नाहीत, असा प्रतिवाद होईल. तो अंशतः मान्य करावा लागेल. परंतु ‘उपचारलस’, ‘रक्तगत प्रतिसाद’ व ‘गाठीचा प्रतिसाद’ असे भेद करण्यास रूढीचा अडथळा नाही. संशोधकास ते पांडित्य वाटेल. संमतिपत्रावर सही करणाऱ्या पशुपालकास मात्र आपण कशास संमती देत आहोत, हे त्यांवरूनच कळेल.