जातींचा कोश आणि माणसांचा इतिहास

आमच्या भागाविषयी काही लिहायचे म्हटले की अभ्यासक अजूनही एकाच ग्रंथाकडे धावतात. तो म्हणजे आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा ‘द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ऑफ इंडिया’. १९१६ साली लंडनच्या मॅकमिलनने त्याचे चार सचित्र खंड काढले. १९९९ साली स्वतंत्र झालेला आमचा गोंदिया जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात मोडत होता. म्हणजे या खंडांत आमचेच बापजादे आहेत.

मी ते खंड प्रथम एका ग्रंथालयात पाहिले आणि आधी चित्रेच चाळली. चित्रांतल्या माणसांखाली बहुतेक ठिकाणी जात किंवा धंदा लिहिलेला. माणसाचे नाव नाही. मग चौथ्या खंडातले ‘महार’ हे प्रकरण उघडले. पोटजाती, लग्न, मर्तिक, समजुती, सारे क्रमाने लावलेले. बावणे, लाडवण, कोसरे हे शब्द मी घरी आजीच्या तोंडून ऐकले होते. छापील पानावर ते वाचताना आपण कुणाच्या तरी कपाटातली वस्तू आहोत असे वाटले.

ग्रंथाचे मोल मी नाकारीत नाही. महारांच्या विणकामाची, कोतवालकीची, कबीरपंथाची माहिती त्यात आहे. सामाजिक गुलामगिरीचीही नोंद आहे. माझी तक्रार वेगळी आहे. गुलामगिरी येथे लग्नविधीसारखीच एक बाब होऊन बसते. ती कोणी लादली, तिच्यावर कोणाचे पोट भरले, हा प्रश्न ग्रंथाच्या रचनेतच बसत नाही. अक्षरानुक्रमाने लावलेल्या कोशात प्रत्येक जात आपापल्या खणात सुटी उभी राहते. दोन खणांमधली भिंत मात्र कोणत्याही चित्रात दिसत नाही.

ती भिंत त्याच साली दुसऱ्या एकाने दाखवली. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याने ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. रसेलच्या कोशात ज्याची जात एक प्रकरण होती, तोच माणूस येथे जातीची तपासणी करीत होता. जातीबाहेर लग्न न करण्याच्या बंधनावर जात टिकते, आणि सुटी अशी एक जात असूच शकत नाही, त्या नेहमी अनेकवचनीच असतात, हे त्याने मांडले. एका निबंधाने कोशाची मांडणीच मोडीत काढली. आमच्याकडे मात्र कोशाची पुनर्मुद्रणे निघाली आणि हा निबंध फक्त चळवळीच्या लोकांनी वाचला.

आणखी एक पुस्तक मला रसेलशेजारी ठेवायचे आहे: वसंत मून यांचे ‘मध्यप्रांत-वऱ्हाडातील डॉ. आंबेडकरपूर्व दलित चळवळ’ (१९८७). बाबासाहेबांच्या समग्र लेखनाचे शासकीय खंड संपादणाऱ्या मून यांनी येथे आपल्याच प्रांतातली माणसे गोळा केली. ज्या मुलखाला रसेल जातींनी ओळखतो, तो येथे नावांनी ओळखू येतो: किसन फागू बनसोडे, गणेश आकाजी गवई, आणि आमच्या गोंदियाचे कालीचरण नंदागवळी. शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखालची १९२० ची नागपूरची परिषद आकाशातून पडली नव्हती. तिच्यामागे अशी माणसे होती. परंतु वारशावरची देखणी पुस्तके निघतात तेव्हा त्यांत नागऱ्याचे शिवमंदिर येते, नागझिऱ्याचा वाघ येतो. नंदागवळी येत नाहीत. १९५४ साली भंडारा पोटनिवडणुकीत बाबासाहेब येथे मते मागायला आले आणि हरले, तेही येत नाही.

माझ्या आजोबांचा माग मोडला तेव्हा आजी विड्या वळू लागली. तिचा एकच फोटो आमच्या घरी आहे. उद्या कोणी सचित्र ग्रंथासाठी तो मागितला तर ‘विडी कामगार स्त्री’ एवढेच खाली छापतील. म्हणून मी त्याच्या पाठीवर तिचे नाव, गाव आणि तिने पाहिलेल्या सभेचे साल लिहून ठेवले आहे. वाचकांनीही आपापल्या घरचे फोटो एकदा उलटून पाहावेत.