‘शाळे’तील न सांगितलेलें वर्ष

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. वयांत येणाऱ्या मुलाचें इतकें प्रामाणिक चित्र मराठींत विरळा, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. नववींतील मुकुंद जोशी कोणाच्या उपदेशानें मोठा होत नाहीं. शरीर त्याला न विचारतां बदलतें, मन त्यामागें धापा टाकीत धांवतें, आणि मित्रांचा शब्द घरच्या शब्दाहून वजनदार ठरतो. बाहेर आणीबाणी आहे. तिची सावली त्याच्याही जगांत पडते. लेखकानें या वयाची थट्टा केली नाहीं, कीं त्यास डोक्यावरही घेतलें नाहीं.

परंतु जालन्यास ही कादंबरी वर्गांत वाचीत असतां मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, त्या वर्षीं शिरोडकरला काय वाटत होतें?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. कथा मुकुंद सांगतो; त्याला जें दिसत नाहीं तें कादंबरींत येणार कसें? शिरोडकर शेवटीं गांव सोडून जाते आणि आपलें वर्ष बरोबर घेऊन जाते. हा बोकिलांचा दोष नव्हे. तो आपल्या ग्रंथसंग्रहाचा आहे. देवलांची ‘शारदा’ १८९९ सालीं रंगभूमीवर आली, तेव्हांपासून मुलीचें वय हा आपल्या साहित्याचा विषय आहे खरा. पण तो बहुधा लग्नाचा प्रश्न म्हणून, तिच्या स्वतःच्या अनुभवाचा म्हणून क्वचित्.

आमच्या भागांत ही उणीव अधिक बोंचते. मंठा, परतूर, अंबड या तालुक्यांतून अनेक कुटुंबें दर हंगामास ऊसतोडीला जातात. मुलगी न्हातीधुती झाली कीं तिला मागें ठेवण्याची चिंता, बरोबर नेण्याची चिंता; आणि दोहोंवर उपाय म्हणून लग्न. २००६ च्या कायद्यानें मुलीस अठरा वर्षांची मर्यादा घातली असूनही ती मोडली जाते. मुकुंदाला गोंधळून जावयास एक सबंध वर्ष मिळालें. या मुलींना तेवढीही उसंत मिळत नाहीं.

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न आम्हीं फळ्यावर लिहिला आणि सर्वांस त्यावर निबंध लिहावयास सांगितलें. मुलांनीं दोन-दोन पानें लिहिलीं. मुलींपैकीं कित्येकींनीं वही कोरी दिली. ‘शाळे’च्या शेजारीं जें पुस्तक असावयास हवें, तें अजून त्या कोऱ्या वह्यांत आहे.