विमान की गुणाकार? आफ्रिका-केंद्री शिक्षणाच्या एका सत्राबद्दल

अमेरिकेत मिडल स्कूलमध्ये, म्हणजे साधारण सहावी ते आठवीत, सत्र संपताना मुलांकडून बरेचदा एक पानभर मनोगत लिहून घेतात. या सत्रात मी काय शिकलो, कशामुळे माझा विचार बदलला, वगैरे. सत्र आफ्रिका-केंद्री शिक्षणाचं असेल तर त्या पानाला जरा जास्तच वजन येतं. समर्थक ते पुरावा म्हणून दाखवतात: बघा, मुलगी ताठ मानेने बोलायला लागली. विरोधक तेच पान बघून विचारतात: अभिमान ठीक आहे, पण विषय कुठाय? मला वाटतं दोघेही पान नीट वाचत नाहीत. ते कसं वाचावं, याबद्दल आजचा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने १९३३ मध्येच लिहून ठेवलं होतं की अमेरिकन शाळा कृष्णवर्णीय मुलांना स्वतःलाच कमी लेखायला शिकवतात. पुस्तकात त्यांची माणसं येतात ती गुलाम म्हणून, त्याआधीचं पान कोरं. १९८० पासून मोलेफी असांते यांनी 'आफ्रोसेंट्रिसिटी' हा शब्द रुजवला. त्याचा गाभा एवढाच, की आफ्रिकन माणूस इतिहासात नुसता कुणाच्या तरी हातचं बाहुलं नाही, तो कर्ता आहे, आणि शिकणं तिथून सुरू व्हावं. मागणी रास्तच आहे.

आणि हे नुसतं भावनेचं प्रकरण नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या काही शाळांनी वांशिक समूहांच्या इतिहासाचा एक विषय नववीत सुरू केला. आठवीत सरासरी श्रेणी ४ पैकी २ च्या खाली असलेल्या मुलांना तो आपोआप दिला जायचा. थॉमस डी आणि एमिली पेनर यांनी २०१७ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची युक्ती सोपी आहे: १.९ वाला मुलगा आणि २.१ वाला मुलगा यांच्यात तसा काही फरक नसतो, फरक पडतो तो फक्त विषय मिळण्या-न मिळण्याचा. म्हणून त्या रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची मुलं एकमेकांशी ताडून बघायची. निष्कर्ष: हजेरी २१ टक्के-बिंदूंनी वाढली, श्रेणी १.४ ने. आकडे मोठे आहेत, पण ते रेषेजवळच्या मुलांचे आहेत आणि मोजक्या शाळांचे. शिवाय हा विषय फक्त आफ्रिकेचा नव्हता आणि मुलं नववीतली होती. तरी एवढं म्हणता येतं: वर्गात आपली जागा आहे असं वाटलं की मूल शाळेत येतं. मग प्रश्न उरतो, आल्यावर त्याच्या हातात काय द्यायचं?

इथे पोर्टलंडचं उदाहरण बघण्यासारखं आहे. ओरेगन राज्यातल्या या शहराच्या सरकारी शाळांसाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'आफ्रिकन-अमेरिकन बेसलाइन एसेज' तयार झाले. कला, भाषा, गणित, विज्ञान, संगीत आणि समाजशास्त्र असे सहा निबंध. ते मुलांसाठी नव्हते, शिक्षकांनी वाचून वर्गात वापरावेत म्हणून होते. पुढे ते इतर शहरांतही पोचले. गडबड झाली ती विज्ञानाच्या निबंधात. प्राचीन इजिप्तमध्ये माणसं वाहणारे पूर्ण आकाराचे ग्लायडर होते, असं त्यात म्हटलंय. अतींद्रिय शक्तींनाही विज्ञानाच्या पंगतीत बसवलंय. लेखकाच्या पात्रतेवरून तेव्हा बराच वाद झाला, पण तो बाजूला ठेवू. मुद्दा पुराव्याचा आहे.

ग्लायडरचा पुरावा काय, तर सक्कारा इथे १८९८ मध्ये सापडलेला एक लाकडी पक्षी. पंखांची लांबी सुमारे १८ सेंटिमीटर, वजन ३९ ग्रॅम. आता जरा विचार करा. इजिप्तच्या लोकांनी थडग्यांच्या भिंतींवर नांगरणी रंगवली, पाव भाजणं रंगवलं, होड्या तर शेकड्याने रंगवल्या. माणूस घेऊन उडणारं यंत्र असतं तर ते त्यांनी रंगवलं नसतं? तळहातावर मावणाऱ्या पक्ष्यावरून विमानतळापर्यंत जायला मध्ये पूल लागतो, आणि तो पूल निबंधात नाही. यावर सविस्तर टीका केली ती वेन स्टेट विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ बर्नार्ड ऑर्टिझ दि मोंतेयानो यांनी. हे गृहस्थ या चळवळीचे शत्रू नव्हते. त्यांनी स्वतः अ‍ॅझ्टेक वैद्यकावर पुस्तक लिहिलंय आणि इतर संस्कृतींचं विज्ञान शाळेत यावं असंच त्यांचं मत होतं. म्हणूनच त्यांची टीका जास्त लागते.

मराठी वाचकाला हे ऐकून मुंबई आठवली असेल. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भारतीय विज्ञान परिषद भरली होती आणि तिथे प्राचीन विमानांवर एक निबंध वाचला गेला. खरं तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच 'वैमानिक शास्त्र' तपासून सांगितलं होतं की हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत. दोन्हीकडची परिस्थिती सारखी नाही, हे मान्य. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलाच्या पाठीशी सत्ता नव्हती. पण पूर्वजांची थोरवी सांगायला दोन्हीकडे विमानच का लागतं? कारण थोरवीचं माप आपण आजच्या पाश्चात्त्य यंत्रांवरून उसनं घेतो. ज्या शिक्षणाला आफ्रिकेला केंद्रस्थानी आणायचंय, ते राइट बंधूंना केंद्रस्थानी ठेवून मोकळं होतं!

आता दुसरी वाट बघा. ऱ्हाइंड पपायरस हा इ.स.पू. १५५० च्या सुमाराचा इजिप्शियन दस्तऐवज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातली गुणाकाराची रीत दुपटीची. १३ गुणिले २४ करायचंय? १ ला २४, २ ला ४८, ४ ला ९६, ८ ला १९२. आता १३ म्हणजे ८ + ४ + १, म्हणून १९२ + ९६ + २४ = ३१२. झालं. २ च्या पुढचे पाढे पाठ नसले तरी चालतं. आणि बारा वर्षांचं मूल लगेच विचारू शकतं: प्रत्येक संख्या अशी फोडता येतेच का? येते, आणि संगणकाची द्विमान पद्धत त्यावरच उभी आहे.

किंवा नायजेरियातली योरुबा भाषा घ्या. तिच्यात १६ ला 'विसाला चार कमी' म्हणतात. ४५ म्हणजे पन्नासाला पाच कमी, आणि पन्नास म्हणजे तीन विसांना दहा कमी. विचित्र वाटलं? आपण एकोणीस, एकोणतीस, पावणेदोन म्हणतो तेव्हा वेगळं काय करतो?

तिसरं उदाहरण माझ्या सगळ्यात आवडीचं. अंगोला आणि आसपासचे चोक्वे लोक वाळूत ठिपके मांडून, त्यांच्याभोवती बोटाने रेघ ओढत गोष्टी सांगतात. या चित्रांना 'सोना' म्हणतात. मोझांबिकमध्ये आयुष्य घालवलेले गणिती पाउलुस गेर्डेस यांनी त्यांचं गणित उलगडलं. एका प्रकारात रेघ ठिपक्यांमधून तिरकी जाते आणि कडेला पोचली की भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखी परतते. सगळे ठिपके वेढायला किती रेघा लागतील? ओळी आणि स्तंभ यांचा जेवढा मसावि तेवढ्या. ३ × ४ ठिपक्यांना एकच रेघ पुरते, ४ × ६ ला दोन लागतात.

आता त्या पानाकडे परत येऊ. समजा एका मुलीने लिहिलं, 'माझे पूर्वज विमानं उडवायचे.' दुसरीने लिहिलं, '४ × ६ ला एक रेघ का पुरत नाही ते मी वर्गाला काढून दाखवलं.' अभिमान दोन्हीत आहे. पण पहिलीला उद्या कुणी इंटरनेटवर खोडून काढलं तर विमान जाईलच, वर 'शाळेने आपल्याबद्दल सांगितलेलं सगळंच खोटं असणार' हा संशय तेवढा राहील. अमेरिकन समाजात असं खोडून काढायला टपलेली माणसं कमी नाहीत. त्याची किंमत निबंध लिहिणारा भरत नाही, आठवीतली मुलगी भरते. दुसरीचं म्हणणं कुणालाच खोडता येणार नाही, कारण ते तिने स्वतः पडताळलंय.

म्हणून अशा अभ्यासक्रमाचं मूल्यमापन करताना मी आत्मविश्वासाचे गुण मोजण्याआधी मनोगतातली क्रियापदं मोजेन. 'त्यांनी केलं' किती वेळा आलंय, आणि 'मी करून बघितलं' किती वेळा? दुसरं एकदाही आलं नसेल, तर वुडसनची तक्रार अजून मिटलेली नाही. मूल अजून ऐकणाऱ्याच्याच जागी आहे, फक्त ऐकवली जाणारी गोष्ट बदललीय.

घरात रांगोळी असेल तर ३ × ४ आणि ४ × ६ ठिपके मांडून बघा. तुमच्याकडे सहावी-सातवीतलं कुणी असेल तर त्याला मसावि आधी सांगू नका.