‘नैसर्गिक’ नावाची नवी शिवी

आपल्यातल्या पोराने पडद्यावर किंवा रंगमंचावर चांगलं काम केलं की लोक म्हणतात : ‘काय नैसर्गिक अभिनय आहे!’ पेठेतल्या पोराने तेवढंच चांगलं काम केलं की म्हणतात : ‘काय कसलेला नट आहे!’ दोन्ही शब्द कौतुकाचे. मग आमचं पोट का दुखतं?

दुखतं, कारण या दोन शब्दांत सबंध चातुर्वर्ण्य मांडी घालून बसलंय. एकाने मेहनतीने कमावलं, दुसऱ्याला जन्मानेच मिळालं, असा त्याचा अर्थ. ज्याने कमावलं तो कलावंत. ज्याला जन्माने मिळालं तो नमुना. कलावंताला पुढे वेगळी भूमिका मिळते, मानधन वाढवून मिळतं, शिबिरात शिकवायला बोलावतात. नमुन्याला फक्त पुन्हा तोच नमुना व्हायला बोलावतात. आणि दोन वर्षांनी विसरून जातात.

दोस्तांनो, या शब्दाचा हिशोब एकदा नीट मांडला पाहिजे. कारण आज आपल्या वस्त्यांतली कितीतरी पोरं-पोरी नट व्हायला निघालीत, आणि त्यांच्या हातात हा शब्द बक्षीस म्हणून ठेवला जातोय.

भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय सांगतो की शूद्रांना वेद ऐकायची बंदी, म्हणून सर्व वर्णांसाठी नाट्य नावाचा पाचवा वेद काढला. हे आपल्याला व्याख्यानांतून मोठ्या उदारपणे ऐकवतात. शेवटचा अध्याय मात्र ऐकवत नाहीत. तिथे भरताचे पुत्र ऋषींची नक्कल करून टिंगल करतात, आणि ऋषी शाप देतात की तुम्ही शूद्र व्हाल, तुमचा वंशही शूद्र होईल. बघा गंमत! वरच्याची हुबेहूब नक्कल केली हा नटाचा गुन्हा. आणि नक्कल म्हंजे काय? माणूस नीट बघणं, त्याची चाल टिपणं, आपल्या अंगात उतरवणं. हाच तर नटाचा धंदा. म्हणजे कसब दाखवलं म्हणून जात खाली ढकलली, आणि आता खालच्या जातीला कसबच नसतं म्हणायचं!

कसब नव्हतं? तमाशाच्या फडात पोरगं आधी मागे उभं राहतं. झील धरतं. वर्षानुवर्षं मागे उभं राहून त्याला कळतं की ढोलकी कुठे थांबते, सोंगाड्या कुठे दम घेतो, पब्लिक कुठे कंटाळतं. वगाची गोष्ट ठरलेली असते, पण बोलणं बहुतेक उभ्या उभ्या रचायचं असतं. आज शिबिरात याला ‘इम्प्रोव्हायझेशन’ म्हणतात आणि त्याची फी घेतात.

विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घराण्यातल्या, फडातच वाढलेल्या. दिवस भरलेले असताना बोर्डावर कळा आल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या, ही गोष्ट महाराष्ट्र गहिवरून सांगतो. सोसण्याचं कौतुक सगळ्यांना. पण त्यांच्या आवाजाची फेक, गर्दीवरची पकड कुठल्या तालमीतून आली, हे विचारायला कुणाला सवड नाही. बाईचं बाळंतपण लक्षात राहिलं, तिचं शिक्षण नाही राहिलं.

आंबेडकरी जलसेही असेच. दिवसभर राबणारी माणसं रात्री सोंग घ्यायची, पुरुष बायकांच्या भूमिका करायचे, आणि मेलेलं ढोर खाऊ नका, पोरं शाळेत घाला, हे हसवत हसवत सांगायचे. माईक नसताना शेवटच्या माणसापर्यंत शब्द न्यायचे. भीमराव कर्डकांनी या जलशांवर पुस्तक लिहून ठेवलं म्हणून निदान काही उरलं. अण्णा भाऊ साठ्यांनी तमाशातला गणपतीचा गण आणि गौळण काढून टाकली आणि वगातून कामगार बोलता केला. हा नुसता विचारातला बदल नव्हता, घडणीतला बदल होता. घडण बदलायची तर घडण आधी हातात असावी लागते. आमच्याकडे ती होती.

आता अलीकडचं बघू. ‘फँड्री’ (२०१३) पुन्हा एकदा बघा. सोमनाथ अवघडे गावात हलगी वाजवणारा पोरगा, नागराज मंजुळेंनी त्याला हेरला. त्याच्या कामाला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच्या बापाच्या भूमिकेत किशोर कदम, सत्यदेव दुब्यांच्या तालमीत तयार झालेला नट. लोकांनी लगेच वाटणी केली : कदम कसलेले, सोमनाथ नैसर्गिक.

पण तो प्रसंग आठवा. डुकरामागे धावाधाव चाललीय, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ. अंग गोठवायचं, आणि आतली घालमेल मात्र गोठू द्यायची नाही. शाळेतली पोरं बघतायत म्हणून तोंड लपवायचं, आणि बापाची भीतीही त्याच अंगात ठेवायची. हे काय जन्मतःच येतं? खऱ्या आयुष्यात लाजणारा पोरगा कॅमेरा बघून पळून जाईल. इथे पोरगा लाज दाखवतोय, तीही पुन्हा पुन्हा, म्हणतील तेव्हा, म्हणतील त्या कोनात. हलगी वाजवणाऱ्याला थांबणं कळतं. चामडं विस्तवावर शेकल्याशिवाय हलगी बोलत नाही, हे त्याला माहीत असतं. हे शिक्षण नाही, असं ठरवलं कुणी?

दुसरा सिनेमा ‘कोर्ट’ (२०१४). त्यात लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला वीरा साथीदारांनी. नागपूरचे कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. लोक म्हणाले, ‘कार्यकर्त्यानेच कार्यकर्त्याचं काम केलं, त्यात काय!’ त्यात काय ते सांगतो. चैतन्य ताम्हाणेचा कॅमेरा एका जागी रोवलेला असतो. शॉट लांबच लांब. चेहरा जवळ आणत नाहीत, संगीत लावून रडवत नाहीत. नटाला लपायला जागा नाही. अशा चौकटीत स्टेजवर संभाजी भगतांचं गाणं पेटवायचं, आणि त्याच माणसाने कोर्टाच्या पिंजऱ्यात थकून, आवाज न चढवता, मोजकंच बोलायचं. एकाच माणसाची ही दोन शरीरं साथीदारांनी वेगळी ठेवली. कार्यकर्ता असणं आणि कार्यकर्ता दिसणं यात जे अंतर आहे, तेवढंच तर अभिनयाचं रान. ते रान त्यांनी नांगरलं.

हे झालं नाव झालेल्यांचं. ज्यांची नावं झाली नाहीत त्यांचं काय? अलीकडे आमच्याकडच्या विहारात काम करणारे सात-आठ नट रात्री उशिरापर्यंत बोलत बसले होते. कुणी मालिकांत, कुणी प्रायोगिकला, कुणी अंधेरीच्या आराम नगरात रोज चपला झिजवणारं. नावं छापू नका म्हणाले. उद्या काम मिळायला पायजे.

परभणीकडचा एकजण सांगत होता. एका नाट्यशिक्षणसंस्थेच्या प्रवेशाच्या वेळी त्याला ‘पाणी’ म्हणायला लावलं. तो ‘पानी’ म्हणाला. समोरचे हसले. प्रवेश मिळाला, पण पहिलं वर्ष गेलं ‘न’चा ‘ण’ करण्यात. झाला एकदाचा. बाहेर पडल्यावर पहिली ऑडिशन शेतमजुराच्या भूमिकेची. त्याने संवाद म्हटला, तर दिग्दर्शक म्हणतो, ‘फार शुद्ध होतंय रे, जरा गावरान टोन दे ना!’ त्याने घरची परभणीची बोली काढली. तीही चालेना. त्यांना हवी होती मालिकेतली गावरान, जी महाराष्ट्रातल्या कुठल्याच गावात बोलत नाहीत. आधी आमची बोली धुऊन काढायची, मग तिची नक्कल शहरात तयार करून आम्हालाच घालायला द्यायची! च्यायला, आमच्याच अंगावरचं कापड आम्हालाच भाड्याने!

आणि खरी बोली पुण्या-मुंबईला कळत नाही, हे साफ खोटं. २०१२ साली ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. कल्पना संभाजी भगतांची, लेखन राजकुमार तांगडेंचं, दिग्दर्शन नंदू माधवांचं. जालन्याकडची पोरं आपल्याच बोलीत बोलत होती. शहरातल्या थेटरात लोकांना बरोबर जिथे हसायचं तिथे हसू आलं, आणि जिथे गप्प व्हायचं तिथे गप्प झाले.

चाळीत वाढलेली एक मुलगी सांगत होती. मोबाईलवर मेसेज येतो : ‘बावीस ते अठ्ठावीस, रिच लुक.’ रांगेत उभं राहायचं. दार अर्धं उघडतं, आतला पोरगा वरपासून खालपर्यंत बघतो आणि म्हणतो, ‘नॉट फिट.’ संवाद म्हणून दाखवायची पाळीच येत नाही. ती म्हणाली, ‘दादा, मला नापास करा, पण आधी पेपर तर लिहू द्या.’ रिच लुक म्हंजे काय, हे कुणी लिहून देत नाही. पण सगळ्यांना कळतं. रंग, नाक, इंग्रजी, आणि ‘पूर्ण नाव काय तुझं?’ या प्रश्नाचं उत्तर.

तिसरा, वयाने मोठा, मालिकांत हवालदार करणारा. कितीदा केला, मोजणं सोडलंय. पण तो कसबाबद्दल जे बोलला ते कुठल्याही वर्गात शिकवावं. म्हणाला, ‘मागे उभं राहणं हे पण काम आहे. पहिल्या टेकला काठी कुठल्या हातात होती ते लक्षात ठेव. मुख्य नट बोलतोय तेव्हा त्याचं ऐक, ऐकण्याचं नाटक नको करू. चौकीवर जाऊन तासभर बसून बघ, खरा हवालदार ताठ उभा राहतच नाही, त्याचे पाय दुखत असतात.’ हा माणूस रोजचा रियाज करतो. त्याचे पैसे तीन-तीन महिन्यांनी येतात. त्याला कसलेला नट कुणी म्हटलेलं नाही.

एका मुलीचा अनुभव मात्र जास्त विचार करायला लावणारा. अभिनयाच्या वर्गात भावस्मृतीचा सराव होता. स्तानिस्लाव्हस्कीची ही कल्पना के. नारायण काळ्यांच्या ‘अभिनय साधना’पासून मराठीत ओळखीची आहे : नटाने स्वतःच्या आयुष्यातली भावना आठवून भूमिकेत आणायची. मुलीला सांगितलं, तुझा सगळ्यात मोठा अपमान आठव. तिने गावच्या विहिरीवरचा प्रसंग आठवला. कोसळली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. शिक्षक म्हणाले, ‘तुझ्याकडे केवढं भांडवल आहे!’

भांडवल! आपली जखम म्हंजे त्यांच्या वर्गाचं भांडवल. ज्याच्या आयुष्यातला मोठा अपमान परीक्षेत कमी मार्क पडल्याचा, त्याला हा सराव सोपा. आपल्या पोरीला तो रोज खपली काढून दाखवायला लावणारा. आणि एक गोष्ट शिक्षकाने सांगितली नाही : खुद्द स्तानिस्लाव्हस्की उत्तर आयुष्यात शारीरिक कृतीकडे वळला. आधी हाताला काम दे, भावना त्यामागून येईल, असा तो रस्ता. हा रस्ता आपला आहे. आपल्या माणसांच्या हातांना किती कामं ठाऊक आहेत! चामडं कमावणं, विडी वळणं, ऊस तोडणं, गटारात उतरणं. या कामांची लय ज्याच्या अंगात आहे त्याने रडून दाखवायची गरज नाही. आपलं दुःख कुणाला दाखवायचं, कधी दाखवायचं, हे आपण ठरवू.

आता आपल्या घरातलंही बोलू. आपली पथनाट्यं बघवत नाहीत, हे कधीतरी छापलं पाहिजे. पहिल्या मिनिटापासून ओरडणं. दहाव्या मिनिटाला घसा बसलेला. शेंडीवाला भटजी आला की तो वाकडं तोंड करणार, पाटील आला की मिशीला पीळ देणार. तालमीला कुणी वेळेवर येत नाही, आणि विचारलं तर उत्तर तयार : ‘आमची आग खरी आहे, तालीम कशाला?’ म्हंजे ‘नैसर्गिक’ ही शिवी आपणच अभिमानाने कपाळाला लावायची! जलशातल्या बापजाद्यांनी असला आळस केला नव्हता.

‘कोर्ट’मधली सरकारी वकील आठवा. गीतांजली कुलकर्णी, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या, यांनी ती केलीय. ती बाई लोकलमध्ये सहप्रवासी बाईशी संसाराच्या गप्पा मारते, घरी जाऊन स्वयंपाक करते, आणि कोर्टात उभी राहून शाहिराला तुरुंगात ठेवा म्हणून थंडपणे वाचत जाते. डोळे वटारत नाही. म्हणून तर अंगावर काटा येतो. शोषक राक्षसासारखा दिसत नाही, शेजाऱ्यासारखा दिसतो, हे आपल्याइतकं कुणाला माहीत? मग आपल्या नाटकात तो सोंगासारखा का दिसतो? शत्रूची भूमिका नीट करणं हेही आपलं काम आहे. भरताच्या पोरांनी त्यासाठी शाप खाल्ला.

शेवटचा मुद्दा भूमिकांचा. जब्बार पटेलांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटात बाबासाहेब केले मामूटींनी. केरळचा मुसलमान माणूस, कायदा शिकलेला. त्यांना १९९८ सालचा उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गावोगावच्या वस्त्यांत लोकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला. कुणी म्हटलं नाही की हा आपल्यातला नाही. मेहनतीने भूमिका मिळवता येते, हे आपल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या आयाबायांनी मान्य केलं. मग उलट का नाही? आपल्या पोराला सर्जन, न्यायाधीश, हॅम्लेट, पेशवा का नाही? दुसऱ्याला मेहनतीने बाबासाहेब होता येतं, आणि आपल्या पोराला जन्मभर जब्याच व्हावं लागतं, हा कुठला न्याय?

म्हणून मागणी दोन्हीकडे आहे. त्यांच्याकडे : दार पूर्ण उघडा, पेपर लिहू द्या, मग नापास करा. आपल्याकडे : पेपर लिहायची तयारी करा. प्रमाण मराठी हत्यार म्हणून शिका, घरची बोली जपून. रोज अर्धा तास मोठ्याने वाचा, पोटातून आवाज काढा, घशातून नको. विहारात आठवड्याची एक संध्याकाळ तालमीला द्या. गावात जुना सोंगाड्या, ढोलकीवाला, जलशातला म्हातारा जिवंत असेल तर त्याच्यापुढे बसा, तो काय करायचा आणि कसं करायचा ते लिहून घ्या. आपल्या नाटकांवर आपणच खरं लिहा, दोस्ती मोडली तरी.

आणि पुढच्या वेळी कुणी तुमच्या कामाला नैसर्गिक म्हणालं, तर भांडू नका. त्याला शेजारी बसवा आणि त्या एका प्रसंगाच्या किती तालमी झाल्या ते सांगा. मात्र सांगायला तालमी झालेल्या असल्या पाहिजेत.

जय भीम.