पार्वतीचे डोहाळे

मागील वर्षी घाटावरच्या, चिखलीकडील एका गावी परिचितांच्या सुनेच्या डोहाळजेवणास आम्ही गेलो होतो. ओटी भरून झाली, झोपाळ्याला फुले बांधलेली होती, आणि कोणीतरी ध्वनिवर्धकावर 'अशी ही बनवाबनवी' या चित्रपटातील डोहाळजेवणाचे गाणे लावले. अशा प्रसंगी ते गाणे आता हटकून लागते. सासूबाईंनी ठेका धरला, आजेसासूबाईंचे डोळे पाणावले. त्या गाण्यातील गर्भवती म्हणजे साडी नेसलेला लक्ष्मीकांत बेर्डे आहे हे तेथे जमलेल्या प्रत्येकीस ठाऊक होते. वावगे मात्र कोणासच वाटले नाही. त्या दुपारपासून हा चित्रपट आमच्या मनातून जात नाही.

सचिन पिळगांवकर दिग्दर्शित 'बनवाबनवी' १९८८ साली आला. कथा मूळची हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटाची. पुण्यात बिऱ्हाडास जागा मिळेना, आणि घरमालकीण लीलाबाई काळभोर यांना भाडेकरू हवीत ती जोडपीच. म्हणून चौघा तरुणांपैकी दोघे साडी नेसतात. परशुराम हा धनंजय मानेची पार्वती होतो, सुधीर हा शंतनूची सुधा. हिंदी चित्रपट फारसा कोणाच्या स्मरणात नाही. मराठीचे संवाद मात्र त्यानंतर जन्मलेली मुलेही तोंडपाठ म्हणतात. याचे पुष्कळसे श्रेय लेखक वसंत सबनीसांचे. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणाऱ्या या लेखकाला तमाशाच्या गवळणीतील मावशी चांगली परिचित होती, आणि ही मावशी पुरुषच रंगवीत आला आहे. प्रेक्षकालाही ते सोंग ओळखीचे होते.

या दोन सोंगांत मात्र फरक आहे, आणि तो टीकाकारांनी पुरेसा पाहिला नाही असे आम्हांस वाटते. बेर्डे यांची पार्वती पुरुषाला लपवीतच नाही. आवाज घसरतो, चाल फसते, आणि बाई व बुवा यांच्यामधील त्या फटीवर आपण हसतो. सचिन यांची सुधा ती फट बुजवीत जाते. तिचे पदर सावरणे, मान वेळावणे, बायकांत मिसळून जाणे यांत एक निखळ आनंद आहे. घरासाठी केलेली ही लबाडी आहे, हे काही क्षण नटही विसरतो आणि आपणही. डोहाळजेवणाच्या गाण्यात तर सारा चित्रपटच ते विसरतो. येणाऱ्या बाळाची वार्ता खोटी आहे, आई खोटी आहे. कौतुक मात्र अस्सल आहे. म्हणून तर ते गाणे चिखलीकडच्या खऱ्या झोपाळ्यापर्यंत पोहोचले.

अर्थात चित्रपटाने आपली वेसण सैल सोडलेली नाही. चौघांनाही एकेक नायिका नेमून दिलेली आहे. शेवटी टोप उतरतात, जोड्या जुळतात. ज्याला ती साडी सोंग वाटत नाही, असा एकही माणूस त्या कथेत नाही. परंतु विनोदी चित्रपटाकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे म्हणावे, तर गंभीर चित्रपटांनी तरी काय केले?

राजीव पाटील यांचा 'जोगवा' (२००९) आणि रवी जाधव यांचा 'नटरंग' (२०१०) हे दोन्ही गाण्यांवर उभे असलेले, राष्ट्रीय पुरस्कार मिळविलेले चित्रपट. 'जोगवा'तील तायप्पाला देवीच्या नावाने साडी नेसावी लागते. सुलीवरील प्रेम त्याला पुन्हा पुरुष करते. आनंद यादवांच्या कादंबरीवरील 'नटरंग'मध्ये गुणा कागलकर तमाशाच्या फडासाठी नाच्या होतो. अतुल कुलकर्णी यांनी त्यासाठी पैलवानाचे शरीर कमावून पुन्हा उतरविले, ही साधना असामान्यच. तथापि तो पैलवान आपणांस आधी दाखविला जातो, हे ध्यानात घ्यावे. पिळदार दंड, पत्नी, मुलगा, अशी सगळी प्रमाणपत्रे सादर झाल्यावरच त्याच्या अपमानाबद्दल आपण हळहळावे, अशी ती मांडणी आहे. त्याच्यावरील अत्याचार भयंकर वाटतो, कारण 'तो तसा नव्हता'. मग जो तसाच होता त्याचे काय? त्याच्यासाठी या करुणेत जागा नाही. म्हणून आम्हांस 'बनवाबनवी' या दोन थोर चित्रपटांहून अधिक उदार वाटते. ती निदान नेसण्यातील आनंद लपवीत नाही.

बालगंधर्वांच्या काळी कुलीन स्त्रिया त्यांच्या नेसण्याचे, दागिन्यांचे अनुकरण करीत. त्याच महाराष्ट्रात नाच्याच्या भूमिका गाजविणाऱ्या गणपत पाटलांना पडद्याबाहेर लोकांच्या संशयी नजरा सोसाव्या लागल्या. नाट्यगृहातील साडीला शालू म्हणायचे आणि तमाशातील साडीला शिवी द्यायची, ही आमची जुनी रीत आहे. (यात 'आमची' हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला आहे.)

काही वर्षांपूर्वी नाताळच्या स्नेहसंमेलनात आमच्या मंडळाच्या मुलांनी हेच डोहाळजेवण बसविले होते. सुधा झालेला मुलगा इतका सुरेख वावरला की पुढच्या रांगेतील बायकांनी त्याची दृष्ट काढली. पडदा पडल्यावर इतरांनी साड्या भिरकावल्या. त्याने मात्र निऱ्यांवर निऱ्या ठेवून आपली साडी नीट घडी केली आणि तिच्यावर हात फिरविला. एवढेच कोणीतरी पाहिले. पुढचे सहा महिने चौकात त्याला ज्या नावाने हाक मारीत ते येथे छापण्याजोगे नाही. टाळ्या वाजविणारे आणि हाका मारणारे बव्हंशी तेच होते. आम्ही टाळ्या वाजविल्या आणि हाका ऐकून गप्प राहिलो. तो मुलगा पुढे पुण्यास गेला. तेथे वधूंना साड्या नेसवून देण्याचे काम करतो. हाताला चांगली मागणी आहे.

यंदा नाताळात तोच प्रवेश पुन्हा करावा असे ठरले आणि त्याला निरोप गेला. येतो म्हणाला. एकच विचारणा होती: प्रवेश संपल्यावर साडी न बदलता जेवणास बसले तर चालेल का? मंडळाच्या दोन बैठका या प्रश्नावर झाल्या आहेत. तिसरी येत्या रविवारी आहे.