लग्नाच्या कोर्सला लक्ष्मीबाई

बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत, अंधेरीत मरोळला किंवा मुलुंडला राहणाऱ्या कॅथलिक मुलामुलींना लग्नाआधी एक कोर्स करावा लागतो. शनिवार-रविवारच्या सुट्ट्या त्यात जातात. फादर बोलतात, डॉक्टर बोलतात, एखादं जुनं जोडपं आपल्या भांडणांविषयी बोलतं. पैसा, सासर, मुलं, नैसर्गिक कुटुंबनियोजन असे विषय असतात. मित्रमंडळी या कोर्सची टिंगल करतात, पण मला तो चेष्टेचा विषय वाटत नाही. आपल्याकडे बाकीच्यांना लग्नाआधी हॉल, कॅटरर आणि फोटोग्राफर यांच्याशिवाय कुणीच काही विचारत नाही. इथे निदान कुणीतरी विचारतं.

आणि जे विचारतं ते हलकं नाही. लग्नविधीत तीन प्रश्न असतात: तुम्ही स्वतःच्या मर्जीने आलात का, जन्मभर एकमेकांवर प्रेम आणि आदर करायला तयार आहात का, देवाने दिलेली मुलं स्वीकाराल का. रोमन परंपरेत लग्न फादर लावत नाहीत. वधूवर ते एकमेकांना देतात आणि फादर चर्चच्या वतीने साक्षीला उभे असतात. जबरदस्तीने किंवा भीतीपोटी दिलेला होकार चर्चच्या कायद्यात होकारच धरला जात नाही. पंचक्रोशीसमोर मान खाली घालून अंतरपाटामागे उभ्या राहिलेल्या आपल्या किती आज्यांना कुणी पहिला प्रश्न विचारला होता?

पण शिकवण म्हणजे फक्त विधी नव्हे. या शिकवणीचं घरात काय होतं, हे मराठीत कुणी लिहिलंय का?

हिंदी सिनेमाकडे जाण्यात अर्थ नाही. बासू चटर्जींच्या 'बातों बातों में' (१९७९) मधलं वांद्र्याचं घर गोड आहे, लोकलमधलं प्रेम गोड आहे, मुलीच्या लग्नाची घाई झालेली पर्ल पदमसीची आई तर फारच गोड. पण त्यात लग्नाचा प्रश्न पगाराचा आणि अमोल पालेकरच्या चालढकलीचा आहे. धर्म फ्रॉकपुरता.

मराठीत शोधायचं तर मागे जावं लागतं, आणि गंमत अशी की आपली पहिली कादंबरी मानली जाणारी 'यमुनापर्यटन' (१८५७) याच विषयाजवळ आहे. बाबा पदमनजींनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला आणि तीनच वर्षांत ही कादंबरी लिहिली. यमुना आणि विनायक हे जोडपं गावोगाव फिरतं, विधवांचे हाल बघतं. मग विनायक मरतो, यमुना स्वतःच विधवा होते आणि शेवटी ख्रिस्ती होऊन दुसरं लग्न करते. विधवांची दुःखं पदमनजींनी ज्या तपशिलाने मांडली ती आजही अंगावर येतात. लग्न मात्र त्यांना जमलेलं नाही. नवराबायको पत्रकासारखं बोलतात, आणि शेवटचं लग्न हे बक्षीस समारंभासारखं येतं. धर्म बदलला, दुःख संपलं, पडदा. त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, हे पदमनजी सांगत नाहीत.

ती सकाळ लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिली. 'स्मृतिचित्रे' शाळेत धड्यापुरतं वाचून बऱ्याच जणांनी सोडलेलं असतं: सोवळ्याने पछाडलेले वडील, विनोदी प्रसंग, 'बाळबोध शैली' वगैरे. माझ्या मते ते मराठीतलं लग्नावरचं सर्वांत धीट पुस्तक आहे, आणि ते कोर्सच्या यादीत असायला हवं.

घटना थोडक्यात अशी. अकराव्या वर्षी मनकर्णिका गोखलेचं नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. कवी, उदार, तापट, न सांगता घरातून नाहीसा होणारा माणूस. हातात आलेला पैसा घरापर्यंत पोहोचेल याची खात्री नाही. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको हिंदूच, पदरात लहानगा दत्तू. पुढची पाच वर्षं ती हिंदू राहिली. आधी नातलगांकडे, मग नवऱ्याजवळ, पण आपलं सोवळं सांभाळत. १९०० साली तिनेही बाप्तिस्मा घेतला.

या पाच वर्षांत टिळकांसमोर कायद्याची एक वाट होती. १८६६ च्या कायद्यानुसार धर्मांतरामुळे जोडीदार नांदायला तयार नसेल, तर कोर्टात जाऊन, वर्षभर मुदत देऊन, ते लग्न मोडता येत असे. नव्या लग्नाला मग मोकळीक. टिळकांनी ती वाट धरली नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलाचा सल्ला आहे की विश्वास न ठेवणारी बायको राहायला राजी असेल तर नवऱ्याने तिला सोडू नये. पौलाचा हा सल्ला मराठी स्वयंपाकघरात कसा दिसतो, ते लक्ष्मीबाई दाखवतात: पत्रं, रुसवे, वेगळी चूल, पाण्यावरून वाद. जात ही माणसाने केलेली गोष्ट आहे, हे तिला आधी पटतं आणि श्रद्धा नंतर येते. नवऱ्याने ओढत नेलेलं नाही. ती स्वतःच्या पायाने, स्वतःच्या वेळेला, कुरकुरत पोहोचते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिने लग्नानंतर वीस वर्षांनी दिलं.

(टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रोटेस्टंट. त्यांच्याकडे लग्न हा संस्कार-साक्रामेंत नाही. हा फरक पुस्तकी नाही, पण इथे तो बाजूला ठेवतोय.)

आता माझी तक्रार. लक्ष्मीबाईंचा विनोद टिळकांना फार सांभाळून घेतो. नवरा महिनोन्‌महिने गायब होतो, आणि आपण हसतो. १९१७ मध्ये ते मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यासाकडे वळतात. घरात बायको असताना संन्यास म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न बाई विचारतात, पण रागावून नाही. आजच्या वाचकाला, विशेषतः वाचिकेला, इथे पुस्तक फेकावंसं वाटलं तर मी समजू शकतो. कारण 'जन्मभर' या शब्दाचं ओझं इथे कुणी उचललं ते स्पष्ट दिसतं.

हे ओझं फक्त साहित्यातलं नव्हतं. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणं पुरत असे. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा त्याग असं आणखी काही दाखवावं लागे. नुसती मारहाण पुरेशी नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली प्रगती वर्गीस खटल्यात ही तरतूद नाकारली, आणि संसदेने २००१ साली कायदा बदलला. म्हणजे आज कोर्सला बसणाऱ्या मुलीची आई लग्न करत होती, तेव्हा बहुधा तो जुनाच कायदा होता. अतूट लग्नाची शिकवण देताना ही गोष्ट त्याच वर्गात सांगितली जावी, असं मला वाटतं. चर्चने याबाबत काहीच केलं नाही असं नाही. लग्न मुळातच वैध नव्हतं असं ठरवण्याची प्रक्रिया पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये सोपी केली. पण ते व्हॅटिकनमध्ये. वर्गात काय सांगितलं जातं, हा वेगळा प्रश्न.

उपनगरांत 'स्मृतिचित्रे' आज जास्त जवळचं का वाटतं, त्याचं कारण मिश्र लग्नं. एकाच ट्युशनला, एकाच ऑफिसात, एकाच लोकलमध्ये भेटलेली माणसं. कॅथलिक मुलीला हिंदू मुलाशी चर्चमध्ये लग्न करायचं असेल, तर बिशपची परवानगी लागते. आपली श्रद्धा टिकवीन आणि मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा देण्यासाठी शक्य ते सगळं करीन, असं वचन तिला द्यावं लागतं. मुलाकडून वचन घेत नाहीत. त्याला त्या वचनाची कल्पना दिली जाते. 'कल्पना दिली जाते' या तीन शब्दांत पुढची वीस वर्षं भांडण मावू शकतं. दुसरीकडे, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने जायचं तर तीस दिवसांची नोटीस लागते, आणि २०२२ च्या डिसेंबरात राज्य सरकारने आंतरधर्मीय लग्नांसाठी 'समन्वय समिती'च नेमली. सगळ्यांना काळजी. त्या दोघांशी बोलायला मात्र कुणाला सवड नाही.

ईस्ट इंडियन घरांत लग्नाआधी उंबराचं पाणी आणायचा विधी असतो. वाजतगाजत विहिरीवर जायचं. हा विधी बायबलात नाही, तो इथल्या मातीतला आहे, आणि कोणत्याही फादरने तो लग्नाला बाधक मानल्याचं मी ऐकलेलं नाही. श्रद्धा आणि रीत एका मांडवात बसू शकतात, हे साष्टीच्या गावठाणांना कळलेलं आहे. दोन श्रद्धा एका स्वयंपाकघरात कशा बसतात, यावर मात्र मराठीत आजच्या मुलांनी लिहिलेलं मला सापडत नाही. लिहायला हरकत काय? लक्ष्मीबाईंना लिहाय-वाचायला टिळकांनीच शिकवलं, आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला १९३४ साली, टिळक जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर. टिळकांची बाजू त्यांच्या तोंडून आपल्याला ऐकायला मिळत नाही.